शंभराव्या पानाची नखुली

"एक फूल! एकच ना? आणि तेही नखाएवढं! ताई, तू निर्धास्त पड. हाडं जुळव. फूल माझ्यावर सोड!"

थंडोबानं हे वाक्य अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात टाकलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. नर्सनं ओठांवर बोट ठेवलं. आणि खाटेवरच्या ताईनं डोळे मिटून घेतले. खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही तिनं इतके घट्ट मिटले नव्हते.

थंडोबा म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा. अठ्ठावीस वर्षं त्यानं लोकांचं दूध नासू दिलं नाही, म्हणून लोकांनी त्याचं मूळ नाव नासवून हे ठेवलं. त्यालाही ते आवडायचं. "यंत्र असो, माणूस असो, तापमान सांभाळलं की सगळं सांभाळलं!" हे तो गिऱ्हाइकाला, बायकोला आणि कोणी नसेल तर फ्रिजला ऐकवायचा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिनं एक काम हाती घेतलं: लोक ज्यांच्यावर पाय देऊन जातात अशा चिमुकल्या रानफुलांची चित्रं काढायची. नव्व्याण्णव झाली होती. शंभरावं अडलं होतं.

"नव्व्याण्णव का चालत नाहीत हो वन्सं?" थंडोबाच्या बायकोनं एकदा विचारलं होतं.

"पुस्तकाचं नाव 'शंभर चिमुकली' आहे. मुखपृष्ठ छापून झालंय."

शंभरावी होती वाळवंटातली नखुली. हे नाव ताईनंच ठेवलेलं. सात वर्षांपूर्वी ती जीपमधून तीन दिवस धक्के खात त्या फुलापर्यंत गेली होती. जीप पोचायला उशीर झाला, फुलं मिटलेली. मूठ मिटावी तशी! उघडलेली नखुली ताईनं कधी पाहिलीच नव्हती; तिच्याबद्दल नुसतं वाचलं होतं. येताना बिया तेवढ्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून आणल्या. आता प्रकाशकानं दोन महिन्यांची मुदत दिली, म्हणून ती डबी काढायला ताई स्टुलावर चढली. डबी हातात आली. स्टूल पायाखालून गेलं.

"दोन महिने जिने नाहीत, वाकणं नाही, खाली बसणं नाही," डॉक्टरांनी सांगितलं.

"आणि श्वास?" ताईनं विचारलं.

तर अशी ती डबी. आत अकरा बिया. बारावी नाही.

"हा कागद," ताई म्हणाली. "सगळं लिहिलंय. नीट वाच."

"ताई! मी फ्रिजच्या माहितीपुस्तिका पाठ म्हणणारा माणूस!"

"बेडकाची पिल्लं आठवतात ना?"

थंडोबाचा चेहरा पडला. तो आठ वर्षांचा असताना ताईच्या बरणीतल्या बेडकाच्या पिल्लांना उकडतंय म्हणून त्यानं बर्फात ठेवलं होतं. पन्नास वर्षं झाली. बेडकांच्या पुढच्या पन्नास पिढ्यांची पिल्लं मोठी झाली. ताई विसरायला तयार नव्हती!

त्या क्षणी त्यानं मनाशी ठरवलं. फूल येणार. आणि ताईला काहीही न विचारता येणार. विचारणं म्हणजे हरणं.

कागद

महत्त्वाची गोष्ट फ्रिजच्या दारावर, हा थंडोबाचा नियम. चिकटवायची तर अशी की एकवेळ फ्रिज मोडेल पण कागद निघणार नाही, हा दुसरा. दाराचं रबर बसवायचा गोंद त्यानं कागदाच्या मागे चांगला बोटभर थापला आणि तळहातानं दाबून धरला. कागदावर होतं:

*वाळू तीन भाग, माती एक भाग. ऊन भरपूर. रात्री गारवा. पाणी जपून.*

खाली कोपऱ्यात एक छोटा बाण होता. ताईचं पेन घसरलं असणार, थंडोबानं विचार केला. वय झालंय बिचारीचं.

नोंदी (थंडोबाच्या दुरुस्तीच्या वहीतून)

दिवस पहिला. कुंडी गच्चीवर. अकरा बिया. कानात औषध घालायच्या ड्रॉपरनं प्रत्येकी दोन थेंब. एकूण बावीस. जपून म्हणजे जपून.

दिवस तिसरा. बावीस थेंब. हालचाल नाही.

दिवस सहावा. बावीस थेंब. सातव्या बीला चुकून तीन पडले. एक टिपकागदानं परत घेतला.

दिवस नववा. ताईचा फोन. "कशा आहेत?" "मजेत आहेत!"

दिवस दहावा. मजेत नाहीत.

बादली

अकराव्या दिवशी दुपारी थंडोबा गच्चीवर कुंडीपुढे पालथा पडला होता. एका हातात भिंग, दुसऱ्यात ड्रॉपर. नाकातला वारा लागून बी उडू नये म्हणून श्वास रोखलेला. मान कलती, तोंड उघडं, डोळे स्थिर.

नेमके तेव्हा बंबवाले काका टाकीतलं पाणी बघायला वर आले. काका वरच्या मजल्यावर राहायचे. अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली की काका जिन्यात!

"कोण पडलंय? अरे, थंडोबा? ए थंडोबा!"

थंडोबाला ऐकू आलं. पण ड्रॉपरच्या टोकाशी अठरावा थेंब लोंबत होता. बोलायला तोंड हललं असतं तर गेला असता थेंब! त्यानं फक्त डावा पाय किंचित हलवून 'थांबा' अशी खूण केली.

काकांनी तो पाय पाहिला. "झटके येतायत!" ते ओरडले, आणि क्षणात टाकीखालची बादली भरून थेट डोक्यावर!

"माझं वाळवंट!" थंडोबा किंचाळत उठला.

"भ्रम झालाय," काकांनी निदान केलं. दुसरी बादली.

"काका! कुंडीत बिया—"

"बडबडतोय! उन्हाची झळ डोक्यात गेली!" तिसरी.

चौथीच्या वेळी थंडोबानं बादली धरली. पाच मिनिटं दोघं चिखलात बादलीची ओढाताण करत होते. काका म्हणत होते, "धीर सोडू नकोस!" आणि थंडोबा म्हणत होता, "बादली सोडा!"

कुंडीचं तळं झालं होतं. दहा दिवस जपून जपून दिलेले दोनशेवीस थेंब, त्यावर आता तीन बादल्या. थंडोबा ओल्या कपड्यांनी जिना उतरला तेव्हा त्याच्या बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर केली. ती घरी कपडे शिवायची, आणि नवऱ्याला अशा वेळी एकच प्रश्न विचारायची.

"आता काय?"

"संपलं! बुडाल्या. अकराच्या अकरा."

"मग वन्संना सांगा ना खरं."

"कधीच नाही! वाळवेन. एकेक बी पंख्याखाली वाळवेन!"

त्यानं खरोखर कुंडी पंख्याखाली ठेवली. आणि चौथ्या दिवशी त्या चिखलातून हिरव्या सुईचं टोक वर आलं. मग दुसरं. मग तिसरं!

थंडोबानं ताईला फोन लावला. आवाजात असा रुबाब, जणू त्यानं बी स्वतः घालून स्वतः उबवलं होतं.

"ताई, तीन आली!"

"वा! म्हणजे मागे लिहिलंय तसा दणकून पाऊस दिलास तू. मला वाटलं, जपून जपून थेंबच देत बसशील. वाळवंटातलं बी आहे बाबा, दोन शिंतोड्यांवर विश्वास ठेवून बाहेर येत नाही. सालावरचा उगवण अडवणारा थर धुऊन निघेल असा पाऊस लागतो त्याला."

"मागे?"

"कागदाच्या मागे. बाण काढलाय की."

थंडोबानं सावकाश मान वळवली. फ्रिजच्या दारावर कागद बसला होता. एक कोपरासुद्धा सुटलेला नव्हता.

"हो हो! दणकून दिला! अग्निशमन दलाकडून!"

"काय?"

"काही नाही. ठेवतो."

लाड

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? ताईला विचारेल, मागे आणखी काय आहे. थंडोबानं विचारलं नाही. त्याचा हिशोब सरळ होता: मागे पावसाचं होतं, पाऊस झाला, मागची बाजू संपली!

तीन रोपांतलं एक वाळूत वाकलं ते उठलंच नाही. दुसरं चिमणीनं नेलं. राहिलं एक. मग मात्र थंडोबानं कंबर कसली. घरात आजवर कुणाचे झाले नाहीत असे त्या रोपाचे लाड सुरू झाले. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी गच्चीवर छत्रीच्या अर्ध्या सावलीत, संध्याकाळी खताचं पाणी. बायकोच्या इस्त्रीच्या वाफेनं हवा दमट होते म्हणून इस्त्री जिन्यात. गिऱ्हाइकांचे ब्लाउज जिन्यात. बायकोही जिन्यात!

आणि रात्री गारवा. कागदावरच होतं. फ्रिजवाल्याच्या घरात गारव्याला काय तोटा? दूध, भाज्या, सगळं बाहेर काढून मधल्या कप्प्यात कुंडी. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा.

सकाळी सासूबाई, म्हणजे बायकोची आई, दूध घ्यायला गेल्या. त्यांनी फ्रिज उघडला, पाहिलं, बंद केला. पुन्हा उघडला.

"अगं," त्यांनी लेकीला बाजूला बोलावलं, "जावईबापू माती खातात का?"

"छे! असं काय म्हणतेस?"

"मग थंड करून कशाला ठेवलीय?"

तीन आठवडे गेले. रोप असं माजलं की विचारू नका. ताईच्या म्हणण्याप्रमाणे ते करंगळीएवढं राहायला हवं होतं. हे झालं वीतभर! पानं अशी टरारली की हात लावला तर चर्र वाजतील. आणि कळी? नावाला नाही. ताईला आता फोनवर "मजेत आहे" म्हणून थंडोबा लगेच फोन ठेवायला लागला. मुदतीचे चोवीस दिवस उरले होते.

"कळी का नाही?" तो कुंडीसमोर बसून विचारायचा. "काय कमी पडतंय तुला? बोल ना!"

बायकोनं दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "अहो, एक सांगू? त्याच्याकडे माझ्याकडे बघता तसं बघा."

"म्हणजे प्रेमानं?"

"म्हणजे अजिबात नाही. तेवीस वर्षांत मला कुठं खत घातलंत? तरी उभी आहे ना?"

सासूबाई तोंडावर पदर धरून आत गेल्या. थंडोबाला आधी राग आला, मग शंका. त्यानं फ्रिजकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

मागची बाजू

कागद खरवडला. निघेना. गरम पाणी मारलं. निघेना. बायकोनं जिन्यातून इस्त्री आणली, वाफ दिली. एकदाचा सुटला, पण वरचा पापुद्रा तेवढा! मागची अक्षरं गोंदाबरोबर दारालाच राहिली. उलटी. शेवटची ओळ इस्त्रीच्या तळाला चिकटून गेली ती जळूनच गेली.

"आरशात बघावं लागेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपला हातआरसा आणला, फ्रिजकडे पाठ केली, आरसा खांद्यावर धरला आणि चष्मा सावरून वाचायला लागल्या.

"'पहिला पाऊस दणकून'..."

"झाला तो! पुढे?"

"'खत मुळीच नको.'"

थंडोबानं भिंत धरली.

"'लाड नकोत. सुखात असलं की नुसतं पसरतं. हाल झाले, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं, की मगच फुलतं.' आणि खाली... खाली नुसतं काळं आहे. जळकं."

बायको शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि मशीन अशा ऐटीत फिरवलं की चाकाचा आवाजसुद्धा 'बघा, बघा, बघा' असा आला.

दुर्लक्ष

थंडोबा कोणतंही काम अर्धवट करत नाही. दुर्लक्ष करायचं तर तेही नीट! त्यानं वेळापत्रक केलं. सकाळी सात ते साडेसात: कुंडीकडे पाठ करून बसणे. दुपारी: आठवण आल्यास कंप्रेसरचा विचार करणे. संध्याकाळी: कुंडीच्या खिडकीवरून जाताना मान डावीकडे. पाणी बंद, खत बंद, फ्रिज बंद.

सहा दिवसांनी त्यानं बोट घालून पाहिलं. वाळू ओली!

सातव्या दिवशी पहाटे त्याला स्वयंपाकघरातून हळूच पावलं ऐकू आली. सासूबाई! हातात भांडं.

"सासूबाई!"

"अहो, केविलवाणं दिसत होतं हो. घोटभरच दिलं."

"रोज?"

"रोज घोटभरच."

बायकोला विचारलं. तिनं कपड्यांवर पाणी मारायची बाटली पाठीमागे लपवली. "मीच म्हणाले दुर्लक्ष करा. पण बघवेना. मला माहितीये ना कसं वाटतं ते."

तेवढ्यात वरून टपटप झाली. थंडोबानं खिडकीतून मान बाहेर काढली. वरच्या बाल्कनीतून बंबवाले काका नळी खाली सोडून नेम धरत होते!

"काका!"

"अरे, तू लक्ष देणं सोडलंस म्हणून मी म्हटलं..."

"मी मुद्दाम सोडलंय!"

"तेच म्हटलं, मनावर परिणाम झालाय."

थंडोबानं दात आवळले. मग गिऱ्हाइकाकडे पाचव्या मजल्यावर चढताना वापरतो तो पट्टा कमरेला बांधला, खिडकीबाहेर वाकला, आणि भिंतीला टांगलेल्या एसीच्या पेटीवर तारेनं कुंडी आवळली. दिवसभर ऊन, खालून यंत्राची गरम हवा, वरून काकांना पत्र्याचं छप्पर आडवं. पोचू शकेल असा माणूस एकच: पट्टेवाला थंडोबा.

"हे खरं वाळवंट!" तो म्हणाला.

त्या वाळवंटानं काम केलं. आठवड्यात पानं सुकली, मोठी गळाली, रोप आखडून करंगळीएवढं झालं. थंडोबाचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. रोज सकाळी सातला कामावर निघायच्या आधी एकच गोष्ट करायची तो स्वतःला मुभा द्यायचा. फ्रिजच्या मागची जाळी झाडतो त्या मऊ ब्रशनं रोप साफ करायचं. हवेतला कचरा किती यायचा! बायकोच्या कापडांचे राखी धागे, गोळे... देठांच्या टोकांना चिकटून बसायचे. रोज एखाददुसरा. तो हळूच झाडायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी आहेच!

ताई

मुदतीच्या आदल्या दिवशी ताईला हॉस्पिटलमधून थेट थंडोबाच्या घरी आणलं. चाकाची खुर्ची, एक पाय समोर फळीवर सरळ ताठ. मांडीवर रंगांची पेटी. प्रकाशकाचा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्र न्यायला येणार होता.

"आण," ताई म्हणाली. बसायच्या आधीच. म्हणजे बसलेली होतीच ती.

थंडोबानं पट्टा बांधून कुंडी काढली आणि तिच्यापुढे धरली. "कळी अजून नाही ताई. पण प्रकृती ठणठणीत आहे. वाळलेली. म्हणजे ठणठणीत वाळलेली."

ताईनं भिंग लावलं. एकेक देठ तपासला. मग म्हणाली, "ह्या देठांची टोकं कुठायत?"

"कुठली टोकं?"

"इथं फुलं होती. एक, दोन... आठ फुलं येऊन गेलीत ह्याला!"

"काय म्हणतेस? मी रोज सकाळी सातला..."

"सातला मिटलेली असतात. अकराला उघडतात, एकला मिटतात. मागे शेवटच्या ओळीत लिहिलंय. मिटली की बाहेरून राखी दिसतात, कापसाच्या गोळ्यासारखी."

थंडोबाच्या हातात ब्रश होता. त्यानं तो हळूच पँटच्या मागच्या खिशात सारला. सासूबाईंनी पाहिलं. बायकोनं पाहिलं. ताईनं तर भिंगातून पाहिलं.

"तू," ताई म्हणाली, "माझी फुलं झाडून काढलीस?"

"मला वाटलं कचरा..."

"आठ?"

"रोज एखादंच, ताई."

थंडोबा खाली बघत उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बेडकांच्या बरणीशेजारी उभा असल्यासारखा. ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं रंगांची पेटी बंद केली, कडी लावली. तो कडीचा आवाज थंडोबाला तीन बादल्यांपेक्षा गार लागला.

मग तिनं सवयीनं भिंग पुन्हा एकदा फिरवलं. थांबली.

"थांब. पानाखाली एक आहे. कळी. मोहरीएवढी."

"कधी उघडेल?" चौघं एकदम. चौथे काका होते; ते कधी आत आले कुणाला कळलं नव्हतं.

"उद्या. ऊन मिळालं तर."

थंडोबानं खिशातला ब्रश काढला, दोन तुकडे केले आणि काकांच्या हातात दिले.

अकरा ते एक

दुसऱ्या दिवशी थंडोबा कामावर गेला नाही. तीन घरांत आईस्क्रीम वितळलं. वितळू दे!

सकाळी नऊपासून मोहीम. खिडकीत ऊन होतं, पण तिथं खुर्ची जाईना. ताईचा ताठ पाय शिलाई मशीनला अडायचा. गच्चीवर ऊन होतं, पण लिफ्ट एक मजला खालीच थांबायची आणि जिने बंद. घरात ताई होती, पण ऊन नव्हतं. कुंडी आत आणून पाहिली तर कळी होती त्याहून घट्ट झाली.

"ऊन आणि वन्सं एका जागी आणायच्या आहेत," बायको म्हणाली. "एवढंच."

"आरशानं ऊन आत पाठवू!" काकांनी सासूबाईंचा हातआरसा धरला. ऊन आत आलं, ते सासूबाईंच्या डोळ्यांत. त्या कुंडीवर पडता पडता वाचल्या. आरसा जप्त झाला.

शेवटी बायकोलाच आठवलं. इस्त्रीसाठी तिला जिन्यात काढलं होतं ना, तेव्हा तिनं पाहिलं होतं: लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा येतो. रुमालाएवढा. भिंतीपासून निघतो आणि दोन-सव्वादोन तासांत सरकत सरकत लिफ्टपर्यंत जातो.

"चला!"

खुर्ची निघाली. कागद, रंग, पाण्याची वाटी, भिंग. अकराला दहा कमी असताना उन्हाचा रुमाल भिंतीशेजारी हवेत तिरपा उतरला. पण कसा! जमिनीवर ठेवलेली कुंडी ताईला दिसेना; वाकायचं नाही. स्टूल आणलं तर ठेंगणं. स्टुलावर डबा ठेवला तर उंच. आणि बसवून होईतो ऊन चार बोटं पुढे! ज्याची उंची बरोबर ताईच्या नजरेएवढी असेल, जे हलणार नाही, आणि तरी उन्हाबरोबर इंच इंच सरकेल, असं टेबल जगात कुठल्या सुताराकडे मिळतं?

थंडोबानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तो खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला, मान ताठ केली आणि म्हणाला, "ठेवा डोक्यावर."

"अहो!"

"ठेव म्हणतो ना!"

सासूबाईंनी उशीचा अभ्रा गुंडाळून चुंबळ केली. बायकोनं कुंडी ठेवली. बरोबर! बोटाचासुद्धा फरक नाही. उन्हाचा रुमाल कुंडीवर आला. लिफ्टनं वर आलेला एक गृहस्थ दार उघडून हे दृश्य बघून पुन्हा आत गेला आणि खाली निघून गेला.

पाच मिनिटं. दहा. थंडोबाला समोर फक्त ताईचा ताठ पाय दिसत होता, आणि पायाच्या पट्टीवर डॉक्टरनं लिहिलेली तारीख.

अकरा वाजून सोळा मिनिटांनी वर काहीतरी झालं. त्याला ते दिसलं नाही; त्याला बाकीच्यांचे चेहरे दिसले. सासूबाईंचा हात गालावर गेला. बायको पुढे झुकली आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं. बंबवाले काकांनी टोपी काढली. एकतीस वर्षं आगीत घुसलेला माणूस, त्यानं डोळे पुसले!

आणि ताई. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थंडोबानं आधी कधी पाहिलंच नव्हतं. सात वर्षं, तीन दिवसांची जीप, एक मोडलेलं हाड, सगळं तिथून पुसून गेलं होतं.

"उघडलं?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

ब्रशचा कागदावर सर्र आवाज सुरू झाला.

"डावीकडे दोन बोटं," बायको पुटपुटायची. थंडोबा गुडघ्यांवर दोन बोटं सरकायचा. काका मागून सूचना द्यायचे, "सावकाश! शिडी सरकवतोय असं समज!" नाकावर माशी बसली. बसू दिली. पोटरीत गोळा आला. येऊ दिला. मानेतून कळ निघून पार टाचेपर्यंत गेली, जाऊ दिली. बारा वाजले. साडेबारा झाले. त्या डोक्यात अठ्ठावन्न वर्षांत इतका वेळ एक विचार टिकला नव्हता: पडायचं नाही. पडायचं नाही. पडायचं नाही.

"ताई," शेवटी त्याला राहवेना, "रंग कोणता आहे गं?"

"सांगते. आधी हे पाकळीचं टोक होऊ दे."

"कशासारखं दिसतं?"

"शूऽ."

"बरं, पाकळ्या किती एवढं तरी..."

त्यानं नजर वर करून बघायचा प्रयत्न केला. कुंडी केसभर कलली. चौघं एकदम ओरडले.

एक वाजायला तीन मिनिटं असताना ताईनं ब्रश खाली ठेवला. "झालं," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिचं अख्खं पुस्तक होतं. बायकोनं घाईघाईनं कुंडी उतरवून थंडोबाच्या तोंडासमोर धरली.

राखी गोळा. मूठ मिटावी तसा.

"मिटलं?" थंडोबा म्हणाला.

"एकला मिटतं," ताई म्हणाली. मग तिनं हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावर, जिथं कुंडीचा गोल वळ उठला होता तिथं, ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "छान वाढवलंस रे."

थंडोबाचे डोळे भरून आले. ते मनगटानं पुसून तो म्हणाला, "मग चित्र तरी दाखव!"

"ओलं आहे," ताईनं कागद झटकन छातीशी धरला. "तू लांब थांब. तुझा भरवसा नाही."